चपला ‘ऑफ’, कवळी ‘आउट’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आपण पुरवणीत इंग्रजी वाक्प्रचारांची चौकट देता. डावीकडे इंग्रजी, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे मराठी अर्थ. अशाच एका चौकटीत ‘टेक ऑफ = उड्डाण करणे’ असे छापले आहे. ते खोटे नाही, पण इतके अपुरे आहे की ही ओळ पाठ केलेल्या मुलापुढे ‘आय टुक मंडे ऑफ’ आले की तो सोमवारला पंख लावतो. एकाऐवजी सहा अर्थ छापले तरी भागत नाही, कारण सहांपैकी कोणता कुठे हे चौकट सांगत नाही. अर्थ त्या दोन शब्दांत नसतोच. त्यांच्या मागे कोण आहे, पुढे काय आहे आणि मध्ये काही घुसले आहे का, यावरून तो ठरतो.

हे समजावून सांगायला मराठीत एक चावी तयार पडलेली आहे आणि आपण ती वापरत नाही. ती म्हणजे ‘काढणे’. कपडे काढले, रजा काढली, पळ काढला. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘काढणे’, इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘टेक ऑफ’. ‘रजा काढली’ ऐकून रजा कुठल्या खुंटीवर टांगली असे कोणी विचारत नाही, कारण आपला कान ‘काढणे’च्या आधीच्या शब्दावर असतो. इंग्रजीत तोच कान ‘टेक ऑफ’च्या पुढे लावायचा, आणि कधी कधी ‘टेक’ आणि ‘ऑफ’च्या मध्ये.

परक्यांना हा प्रकार जड जातो हे इंग्रजांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहिले की, क्रियापदापुढे छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची ही रीत परदेशी माणसाला सर्वांत जास्त अडवते. उदाहरणांत त्यांनी ‘टेक ऑफ’ही घेतले आणि त्याचा अर्थ दिला ‘नक्कल करणे’. विमान यायला तेव्हा दीडशे वर्षे होती! अशा जोडीला मिळालेले ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव त्याहून बरेच अलीकडचे. लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते 1925 मध्ये वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे सांगितले. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते त्यांना मात्र यात नवे काही वाटू नये. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’ हे वचन आणि त्याच्या पुढची प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार ही माळ त्यांना पाठ असते. धातू एकच, ‘हृ’. उपसर्ग त्याला ओढून नेईल तिकडे अर्थ जातो. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटून वाक्यात लांबही बसतो, अगदी ‘टेक युअर शूज ऑफ’मधल्या ‘ऑफ’सारखा.

आता प्रत्यक्ष वाक्ये. पहिला प्रश्न एकच विचारायचा: कर्म आहे का?

कर्म नसेल तर पुढचा प्रश्न कर्त्याचा. कर्ता विमान, हेलिकॉप्टर किंवा पक्षी असेल तर उडाला. ‘द प्लेन टुक ऑफ इन हेवी रेन.’ कर्ता माणूस किंवा प्राणी असेल तर पळ काढला, धूम ठोकली, चालता झाला. ‘व्हेन द वॉचमन शाउटेड, द बॉईज टुक ऑफ.’ यात भीती असायलाच हवी असे नाही. ‘दे टुक ऑफ फॉर गोवा’ म्हणजे ते फारसा विचार न करता गोव्याला निघून गेले. आणि कर्ता धंदा, कल्पना, विक्री, कारकीर्द असे काही असेल तर त्याने एकदम जोर धरला, जम बसला. ‘हर टिफिन बिझनेस टुक ऑफ विदिन सिक्स मंथ्स.’ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा अर्थ अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रोस्टो यांच्याकडून माहीत असतो. विकासाच्या पाच अवस्थांमधली तिसरी ती ‘टेक ऑफ’ची. ब्रिटनसाठी त्यांनी 1783 ते 1802 हा काळ दिला आणि भारताचे उड्डाण 1952 पासून धरले. तेच शब्द विमानतळावर आणि तेच अर्थशास्त्राच्या पेपरात, पण विमान चाकांवर धावून हवेत जाते तसा देश स्वतःच्या जोरावर वर जातो हे चित्र डोळ्यांपुढे आले की दोन अर्थ दोन राहत नाहीत.

या कर्म नसलेल्या गटात मराठी मुले तीन ठिकाणी हमखास पडतात. एक, आपल्या बातम्यांत ‘विमानाने टेक ऑफ घेतला’ असे येते. मराठीत तिथे ‘टेक ऑफ’ नाम झाले आहे, म्हणून त्याला ‘घेतला’ लागतो. तेच डोक्यात ठेवून मूल लिहिते, ‘द प्लेन टुक अ टेक ऑफ’. म्हणजे ‘घेणे’ दोनदा झाले. इंग्रजीत ‘द प्लेन टुक ऑफ’ एवढेच पुरते. दोन, ‘द प्लेन वॉज टेकन ऑफ ॲट सिक्स’. विमान स्वतः उडते, कर्म नाही, तेव्हा कर्मणी प्रयोगही नाही. तीन, ‘द ट्रेन टेक्स ऑफ ॲट सेव्हन’. गाडी ‘लीव्ह्ज’. रुळावरून उचलली गेली तर ती बातमी वेगळीच होईल. जाता जाता हेही सांगावे की विमानाच्या तिकिटावरची वेळ ही विमान आपल्या जागेवरून हलण्याची असते, चाके धावपट्टी सोडण्याची नव्हे. चाके सुटतात तो क्षण ‘टेक ऑफ’, आणि तो तिकिटावरच्या वेळेच्या बराच नंतर येऊ शकतो.

चौथी चूक शाळेत होत नाही, कचेरीत होते. आपल्याकडे ‘आज ऑफ घेतला’ म्हणतात. त्यावरून मेलमध्ये लिहिले जाते, ‘सॉरी, आय टुक ऑफ यस्टरडे’. लंडनच्या साहेबाने ते वाचले तर आधी त्याच्या मनात येईल की हा काल कुठून तरी सटकला. ‘आय टुक अ‍ॅन ऑफ’ तर आपल्या देशाबाहेर जवळजवळ कोणीच म्हणत नाही. रजेच्या अर्थाने किती वेळ काढला हे सांगायचे आणि ते मध्ये बसवायचे: ‘आय टुक यस्टरडे ऑफ’, ‘शी टुक टू डेज ऑफ’, ‘कॅन आय टेक द आफ्टरनून ऑफ?’ अमेरिकेत थोडी वेगळी रूपेही चालतात, पण वेळ मध्ये ठेवलेली रचना सगळीकडे चालते, म्हणून शिकवायची तर तीच.

रजेचे हे वाक्य कर्म असलेल्या दुसऱ्या गटातले. इथे कर्मच अर्थ सांगते. कर्म वेळ असेल तर रजा. कर्म अंगावरची वस्तू असेल तर उतरवणे. कर्म माणूस असेल तर बहुधा नक्कल, म्हणजे जॉन्सनसाहेबांचाच अर्थ. तो ब्रिटिश बोलण्यात अजून आहे: ‘ही टेक्स ऑफ द हेडमास्टर ब्रिलियंटली.’ हिंदीत नक्कल ‘उतारतात’, म्हणजे तिथेही कपड्यांचे आणि नकलेचे क्रियापद एकच निघाले.

या गटात क्रमाचा एक नियम आहे आणि तो मोडला की वाक्य कानाला टोचते. कर्म नाम असेल तर ते ‘ऑफ’च्या आधीही चालते, नंतरही: ‘टेक ऑफ युअर कोट’, ‘टेक युअर कोट ऑफ’. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यायला हवे: ‘टेक इट ऑफ’, ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ इट’ चूक. कारण उच्चारात आहे. अशा जोडीत जोर ‘ऑफ’वर पडतो आणि ‘इट’ हा बिनजोराचा, चिकटून जाणारा शब्द असतो. त्याला ‘ऑफ’च्या पुढे एकटे उभे राहता येत नाही, म्हणून तो ‘टेक’ला टेकतो. बोलताना ‘टुक इट ऑफ’चे ‘टुकिटॉफ’ होते. ज्याने हे कधी ऐकले नाही त्याला चित्रपटात हे तीन शब्द एक अनोळखी शब्द वाटतात. उलट कर्म लांबलचक असेल तर ते शेवटीच बरे. ‘शी टुक ऑफ द वेट रेनकोट शी हॅड बॉरोड फ्रॉम हर सिस्टर’ हे ठीक. सगळा रेनकोट बहिणीसकट मध्ये कोंबला तर वाचणारा ‘ऑफ’ येईपर्यंत थकतो.

लिहिताना आणखी एक चूक: ‘टेक ऑफ’मध्ये दोन एफ. एक एफ लिहिला की तो शब्द ‘चा-ची-चे’वाला होतो. मुळात हे दोन्ही शब्द एकच होते, पुढे वेगळे झाले. आजच्या परीक्षकाला ते कारण चालत नाही.

दुसऱ्या गटातला सगळ्यात फसवा अर्थ नाटकाचा. मराठीत ‘नाटक काढले’ म्हणजे उभे केले, रंगमंचावर आणले. ‘दुकान काढले’, ‘शाळा काढली’, ‘कंपनी काढली’, सगळीकडे ‘काढणे’ म्हणजे सुरू करणे. इंग्रजीत ‘दे टुक द प्ले ऑफ आफ्टर थ्री वीक्स’ म्हणजे तीन आठवड्यांत बंद केले. अगदी उलट. त्यात भर म्हणजे ‘द प्ले टुक ऑफ’ असे कर्माशिवाय म्हटले की त्याचा अर्थ नाटक चालले, गर्दी झाली. आणि ‘द प्ले वॉज टेकन ऑफ’ म्हटले की नाटक पडले. एका ‘वॉज’ने निर्माता श्रीमंत होतो की कंगाल, हे ठरते. गाडीचेही तसेच. ब्रिटनमध्ये ‘द सेव्हन थर्टी ट्रेन हॅज बीन टेकन ऑफ’ म्हणजे साडेसातची गाडी बंद केली. वर ‘द ट्रेन टेक्स ऑफ’ला चूक म्हटले ते याच्याशी विसंगत नाही. तिथे गाडी कर्ता होती, इथे वेळापत्रकातून ती काढणारा दुसरा कोणी आहे. चौकटीतल्या एका ओळीत हे मावणे शक्यच नाही. दोन वाक्ये एकाखाली एक छापली तर मात्र समजावून सांगायचीही गरज पडत नाही.

तिसरा गट: कर्म आहे आणि ‘ऑफ’च्या पुढे आणखी एक नाम आहे. ‘टेक द पॅन ऑफ द स्टोव्ह.’ कढई कुठून? चुलीवरून. इथे ‘ऑफ’ हे दुसऱ्या नामाला लागलेले आहे, मराठीतल्या ‘वरून’सारखे, म्हणून शब्दांची अदलाबदल चालत नाही. ‘टेक ऑफ द स्टोव्ह द पॅन’ असे कोणी म्हणत नाही. या गटासाठी मराठी माणसाला एक सोपा ताळा आहे. मराठीत ‘वरून’ आले तर ‘ऑफ’, ‘तून’ किंवा ‘मधून’ आले तर ‘आउट ऑफ’. टेबलावरून उचलले, ऑफ. पेटीतून काढले, आउट. भिंतीवरून चित्र काढले, ऑफ. खिशातून पाकीट काढले, आउट. बँकेतून पैसे काढले, आउट. कर्ज काढले तरी ‘टेक आउट अ लोन’च, कारण तेही कुठल्या तरी तिजोरीतूनच येते, असे समजावे.

हा ताळा दहापैकी सात वेळा चालतो. उरलेल्या तीन वेळा का चालत नाही, तेच खरे शिकवण्यासारखे आहे. ‘यादीतून माझे नाव काढा’ याचे इंग्रजी ‘टेक माय नेम ऑफ द लिस्ट’. ‘बिलातून शंभर रुपये कमी केले’ याचे ‘दे टुक अ हंड्रेड रुपीज ऑफ द बिल’. आपण यादीला आणि बिलाला भांडे समजतो, त्यात काहीतरी असते. इंग्रज त्यांना पाटी समजतो, तिच्यावर काहीतरी लिहिलेले असते. म्हणून सवलतीच्या फलकावर ‘ट्वेंटी पर्सेंट ऑफ’ असते. वेळ कमी होण्यालाही हेच लागते. उसेन बोल्टने 2008 मध्ये बीजिंगला शंभर मीटरसाठी 9.69 सेकंद घेतले आणि 2009 मध्ये बर्लिनला 9.58. म्हणजे ‘ही टुक पॉइंट वन वन सेकंड्स ऑफ हिज ओन रेकॉर्ड’. नवा रस्ता झाला आणि प्रवास तासाभराने कमी झाला, तर ‘द न्यू रोड हॅज टेकन अ‍ॅन आवर ऑफ द जर्नी’. या वाक्यातले ‘टेक अ‍ॅन आवर ऑफ’ वाचून तासाभराची रजा डोक्यात आली, तर ‘ऑफ’च्या पुढे नाम आहे का हे पाहायचे. ‘द जर्नी’ आहे, तेव्हा रजा नाही.

‘कामावरून काढले’ हे वाक्य ताळ्यात बसते आणि तरीही दगा देते. ‘दे टुक हिम ऑफ द जॉब’ म्हणजे त्या विशिष्ट कामावरून बाजूला केले. नोकरी शाबूत असू शकते. पोलीस अधिकाऱ्याला तपासावरून हटवले, तिथे ‘टेकन ऑफ द केस’ बरोबर. कायमचे घरी बसवले तर ‘सॅक’ किंवा ‘फायर’. इस्पितळाच्या बातमीत ‘ही वॉज टेकन ऑफ द व्हेंटिलेटर’ येते. त्याचा अर्थ कृत्रिम श्वास थांबवला एवढाच. रुग्ण सुधारला म्हणून की आशा संपली म्हणून, हे ‘ऑफ’ सांगत नाही. भाषांतर करणाऱ्या उपसंपादकाने तिथे थांबून पुढचे वाक्य वाचावे.

आता या पत्राच्या मथळ्याचा विषय. देवळांच्या, दवाखान्यांच्या, काही घरांच्याही दाराशी ‘प्लीज टेक आउट युअर शूज’ अशी पाटी दिसते. मराठी मुलांच्या वहीत ‘ही टुक आउट हिज शर्ट’ सापडते. ही निष्काळजीपणाची चूक नाही. तिच्यामागे मराठीचा चोख तर्क आहे. आपण पायात चपला घालतो, अंगात सदरा, बोटात अंगठी, हातात बांगड्या. सगळे ‘आत’. जे आत घातले ते बाहेर निघणार, म्हणून ‘आउट’. इंग्रज मात्र तेच सगळे अंगाच्या ‘वर’ चढवतो: पुट ऑन युअर शूज, पुट ऑन युअर शर्ट. जे वर चढवले ते वरून उतरणार, म्हणून ‘ऑफ’. ‘टेक आउट युअर शूज’ वाचून त्याला वाटते की पिशवीत कुठे तरी बूट आहेत आणि ते बाहेर काढायला सांगितले आहे. ‘ही टुक आउट हिज शर्ट’ म्हणजे कपाटातून सदरा काढला, अंगातला तसाच आहे.

म्हणून हा तर्क मुलांना उघड करून सांगावा. वस्तू शरीराच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफ, खरोखर आत असेल तर आउट. चष्मा ऑफ, कॉन्टॅक्ट लेन्स आउट. टोपी ऑफ, कानातला बोळा आउट. मुखपट्टी ऑफ, कवळी आउट. दात तर आउटच. तो ऑफ करायचा झाला तर गुद्दा लागेल. कानातल्या डुलांना दोन्ही चालते, कारण ते थोडे आत आणि थोडे वर असतात. ‘आउट’ आणि ‘ऑफ’ पाठ करण्यापेक्षा वर्गात पंधरा वस्तू फळ्यावर लिहून मुलांनाच भांडू द्यावे. मुखपट्टीवर फार वाद होत नाही. डुलांवर मात्र होतो.

चष्म्याचा उल्लेख आलाच आहे तर डोळ्यांबद्दल एक इशारा. ‘ही कुडंट टेक हिज आइज ऑफ हर’ याचे भाषांतर ‘त्याला तिची दृष्ट काढता आली नाही’ असे करू नये. तिच्यावरून त्याची नजर हटेना, एवढेच.

नाम झाल्यावर हा शब्द आणखी पसरतो. क्रियापद म्हणून दोन सुटे शब्द आणि जोर ‘ऑफ’वर, नाम म्हणून ब्रिटिश लिखाणात मध्ये जोडरेघ, अमेरिकेत जोडून एक शब्द, आणि जोर ‘टेक’वर. मोठ्याने वाचायला लावले की मूल क्रियापद म्हणते आहे की नाम, हे जोरावरून कळते. लांब उडीच्या मैदानावर मुले रोज ‘टेक ऑफ बोर्ड’ पाहतात, 20 सेंटीमीटर रुंदीची ती फळी, जिच्यापुढे पाय गेला की उडी बाद. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा ‘पीटीओ’ म्हणतो. रोटाव्हेटरला ताकद देणारा ट्रॅक्टरमागचा तो शाफ्ट, सर्वसाधारणपणे मिनिटाला 540 फेरे घेणारा. त्यातले टीओ म्हणजे ‘टेक ऑफ’, पी म्हणजे पॉवर. इथे उड्डाणाचा काही संबंध नाही; इंजिनाची ताकद तिथून काढून घेतली जाते, वरून उपसली जाते. बांधकामाच्या अंदाजपत्रकातही पहिली पायरी ‘टेकिंग ऑफ’: नकाशावरून लांबी, रुंदी, उंची उतरवून घेणे, मग गुणाकार, मग गोषवारा, मग बिल. स्थापत्यवाले बोलताना ‘क्वांटिटी काढली’ म्हणतात. अखेर ‘काढणे’च. ज्या गावात विमान कधी आकाशात उंचावरूनच दिसते, तिथल्या मुलाला ‘टेक ऑफ’ शिकवायला विमानापासून सुरुवात करण्याची सक्ती कशाला? पीटीओपासून करावी.

परीक्षेत ‘वाक्यात उपयोग करा’ असे येते तेव्हा मुले धूर्तपणे सर्वांत छोटे वाक्य लिहितात: ‘ही टुक ऑफ.’ व्याकरण बिनचूक आहे, पण अर्थ माहीत आहे याचा पुरावा नाही. हा माणूस पळाला, की पायलट होता? वाक्यात असा एक धागा हवा की शब्द काढून तिथे रिकामी जागा ठेवली तरी वाचणाऱ्याने अर्थ ओळखावा. ‘बिकॉज ऑफ द फॉग, अवर प्लेन टुक ऑफ फॉर्टी मिनिट्स लेट.’ धुके आणि उशीर हे दोन धागे. ‘आय टुक टू डेज ऑफ टु अटेंड माय कझिन्स वेडिंग.’ लग्न हा धागा. लिहिण्याआधी मुलाने मनात मराठी अर्थ एकच निवडावा, त्या अर्थाला कर्म लागते का ते पाहावे, लागत असेल तर कुठे बसते ते ठरवावे, आणि मग काळ. काळात ‘टेक, टुक, टेकन’ घोटलेले असले तरी घाईत ‘हॅज टुक ऑफ’ आणि ‘डिड नॉट टुक ऑफ’ उतरते. ‘हॅज’नंतर ‘टेकन’, ‘डिड’नंतर ‘टेक’. शेवटी ताळा म्हणून विरुद्धार्थी शब्द आठवावा. बुटाला ‘पुट ऑन’, विमानाला ‘लँड’, धंद्याला ‘फ्लॉप’, बिलाला ‘ॲड’, रजेला ‘गो बॅक टु वर्क’. विरुद्धार्थी शब्द बसला नाही तर आपण दुसऱ्याच अर्थात शिरलो आहोत. एका छोट्या शब्दाने काय होते हे दाखवायला ही जोडी पुरते: ‘ही टुक ऑफ हिज हॅट’, टोपी काढली, ‘ही टुक ऑफ विथ हिज हॅट’, टोपी घेऊन पळाला.

कोश पाहायचा तर शिकणाऱ्यांसाठी केलेला पाहावा. इंग्रजीचे शिक्षक हॉर्नबी यांनी असा कोश 1942 मध्ये जपानमध्ये काढला, 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो घेतला, आणि आज त्याचीच पुढची रूपे फोनवर फुकट मिळतात. त्यात वाक्प्रचाराच्या नोंदीत दोन टोकांचा बाण दिसला की समजावे, कर्म अलीकडेही चालते, पलीकडेही. बाण नसेल आणि कर्माची खूण मध्ये असेल तर ते मध्येच ठेवायचे. कर्माची खूणच नसेल तर कर्म नाही. बहुतेक मुले बाणाकडे न पाहता थेट अर्थावर उडी मारतात. इंग्रजी-मराठी कोशांत ही खूण क्वचितच असते, म्हणून केवळ त्यांवर विसंबू नये.

आपल्या चौकटीबद्दल सूचना एवढीच. आठवड्याला दहा वाक्प्रचार देता त्याऐवजी एक द्यावा, आणि त्याची आठ वाक्ये. आधी कर्म नसलेली, मग कर्म असलेली, मग ‘ऑफ’पुढे नाम असलेली, त्याच क्रमाने. प्रत्येकाखाली मराठी वाक्य पूर्ण द्यावे, सुटा अर्थ नको. एक वाक्य मुद्दाम चुकीचे द्यावे आणि पुढच्या आठवड्यात दुरुस्त करावे. जागा तितकीच लागेल. ‘टेक ऑफ’ झाले की ‘पुट ऑफ’ घ्यावे. त्यातही पुढे ढकलणे आणि मन उडवणे असे दोन अर्थ आहेत, आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ व ‘द स्मेल पुट मी ऑफ’ यांत कर्म पाहिले की दोन्ही सुटतात.

आणि ज्यांना दाराशी पाटी रंगवायची आहे त्यांच्यासाठी मजकूर असा: ‘प्लीज टेक ऑफ युअर शूज हिअर.’ एफ दोन. ‘हिअर’ गाळू नये, नाहीतर पाटी आतल्या भिंतीवर लागली की लोक तिथवर चपलांनिशी येतात.

आपला,
इंग्रजीचा एक शिक्षक